शुगर असलेल्या माणसाच्या पायाचा व्हेनस डॉपलर: काय बघायचं, काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, शुगर १६ वर्षांपासून, दिवसा गोळ्या आणि रात्री इन्शुलिन. दोन महिन्यांपासून डावा पाय संध्याकाळी सुजतो. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली आहे आणि तिथेच रुपयाएवढी जखम आहे, ती भरत नाही. डॉक्टरांनी 'दोन्ही पायांचा व्हेनस डॉपलर' लिहून दिला. मेडिकलवाल्याने घट्ट मोजे दिले, ते घरी आणून ठेवलेत. शेजारी म्हणतात, सोनोग्राफीत काय कळतंय, एकदाच सीटी अँजिओ करून मोकळे व्हा. काय करू?

आधी मोज्यांचं बोलतो, कारण घाई तिथेच आहे. ते पिशवीतच राहू द्या. वडिलांच्या पायातला शुद्ध रक्ताचा पुरवठा नीट आहे, हे कोणी मोजून सांगेपर्यंत ना मोजे, ना क्रेप बँडेज.

आता कारण. मराठीत आपण सगळ्यालाच 'शीर' म्हणून मोकळे होतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शाळेच्या पुस्तकातले दोन शब्द आठवा: रोहिणी आणि नीला. रोहिणी हृदयाकडून पायाकडे रक्त आणते, नीला ते परत वर नेते. परतीचा प्रवास चढणीचा, म्हणून नीलेत झडपा असतात, रक्त खाली घसरू नये म्हणून. झडपा बिघडल्या की रक्त घोट्याशी साचतं, सूज येते, कातडी काळी पडते, खाज सुटते आणि शेवटी आतल्या घोट्याच्या वर जखम होते. तुम्ही सांगितलेलं चित्र अगदी असंच आहे. त्यामुळे डॉक्टरांनी व्हेनस डॉपलर, म्हणजे नीलेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, लिहिला तो बरोबरच लिहिला. पण शुगर मुख्यतः बिघडवते ती रोहिणी, आणि तीही गुडघ्याखालची. म्हणजे तपासणी लिहिली आहे एका नळीची आणि १६ वर्षांच्या शुगरचा धोका आहे दुसऱ्या नळीला. एकाच पायात दोन्ही आजार असू शकतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. नीलेसाठी पाय घट्ट बांधायचा असतो. रोहिणी अरुंद असेल तर घट्ट बांधलेला पाय उपाशी मरतो.

हे मी वाचून सांगत नाही. सोनोग्राफीच्या खोलीत बसायला लागून मला २२ वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एक काकू आल्या होत्या, भाजीचा गाडा लावायच्या, दिवसभर उभं राहण्याचं काम, शुगर बरीच जुनी. चिठ्ठीवर व्हेनस डॉपलर लिहिलेला. मी तो मन लावून केला. जांघेतली झडप निकामी, रक्त भरभरून उलटं येत होतं, आकडे लिहिले, आकृती काढून दिली. रिपोर्ट बघून त्यांना कुठेतरी थरावर थर देऊन घट्ट बँडेज बांधलं गेलं. आठ दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. त्यांना दुखलंच नव्हतं, कारण शुगरने पायाची जाणीव आधीच गेली होती. तुम्हाआम्हाला अर्ध्या तासात पट्टी सोडावीशी वाटली असती. बोटं काढावी लागली. माझ्या रिपोर्टमध्ये चुकीचं एक अक्षर नव्हतं. मात्र प्रोब (सोनोग्राफीचं पायावर फिरवायचं हत्यार) चार बोटं बाजूला सरकवून मी रोहिणी बघितली नव्हती, कारण ती चिठ्ठीत नव्हती. तेव्हापासून शुगरचा पेशंट असेल तर चिठ्ठीत काहीही असो, मी घोट्याशी दोन्ही रोहिण्यांवर प्रोब ठेवल्याशिवाय टेबलावरून उठू देत नाही. त्याचे वेगळे पैसेही लावत नाही, पाचसात मिनिटांचं काम आहे. तुम्ही जाल तिथे ही सवय असेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'आर्टेरियल आणि व्हेनस', म्हणजे रोहिणी आणि नीला, असं दोन्ही लिहून घ्या. एवढ्या एका शब्दासाठी परत दवाखान्यात जावं लागलं तरी जा.

तपासणीला कसं जायचं, तेही सांगतो. उपाशी जाऊ नका. हे ठळक सांगण्याचं कारण, दर आठवड्याला निदान एक जण तरी माझ्याकडे रात्रीपासून उपाशी, पण सकाळचं इन्शुलिन मात्र घेऊन येतो, आणि रांगेत बसल्याबसल्या घामाघूम होतो. सोनोग्राफी म्हटलं की उपाशी, असं डोक्यात बसलेलं असतं. ते पोटाच्या सोनोग्राफीचं आहे. पायाच्या डॉपलरला नेहमीसारखा नाश्ता, नेहमीसारखी औषधं, आणि वर दोन ग्लास पाणी. पाणी कमी पडलं की नीला चपट्या होतात आणि आम्हाला त्या शोधत बसावं लागतं. एसीच्या थंडगार खोलीतही तेच होतं, त्यामुळे वडिलांना थंडी वाजत असेल तर संकोच न करता एसी बंद करायला सांगा. पोटातली मोठी नीला बघायची असेल तर काही ठिकाणी उपाशी बोलावतात. तसं असेल तर त्या दिवशीच्या इन्शुलिनचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. वेळ निवडता आली तर दुपारनंतरची घ्या. रात्रभर झोपून उठलेल्या पायात उलटा प्रवाह कधी कधी लपतो, दिवसभर वावरलेल्या पायात तो उघड दिसतो.

तपासणी दोन भागांत होते आणि दुसरा भाग बरेचदा गाळला जातो. पहिला भाग झोपवून. जांघेपासून सुरू करून दर दोनतीन सेंटिमीटरवर आम्ही प्रोबने नीला दाबत खाली येतो. निरोगी नीला दाबली की पूर्ण मिटते, जशी पाण्याने भरलेली फुग्याची शेपटी बोटाने मिटावी तशी. आत गुठळी असेल तर मिटत नाही. इतकी साधी परीक्षा आहे आणि मांडीतली, गुडघ्यामागची गुठळी पकडायला ती अतिशय भरवशाची आहे. पोटरीत काम जरा किचकट होतं. तिथे एकेका रोहिणीच्या दोन्ही बाजूंना एकेक नीला चिकटून चालते, पाय सुजलेला असेल तर त्या खोल जातात आणि धूसर दिसतात. म्हणून पोटरीचा भाग नीट दिसला नाही आणि संशय कायम असला, तर आठवड्याभराने पुन्हा बघतात. असं दुसऱ्यांदा बोलावलं तर 'पैसे काढायचा धंदा' समजू नका. पोटरीतली छोटी गुठळी वर सरकली का, हे बघण्याचा तोच मार्ग आहे.

इथे दोन गोष्टी कंसाबाहेर काढून सांगतो. पडद्यावर लाल आणि निळा रंग दिसतो तेव्हा नातेवाईक मान हलवतात, लाल म्हणजे शुद्ध, निळं म्हणजे अशुद्ध. तसं नसतं. रक्त प्रोबकडे येतंय की प्रोबपासून दूर जातंय, एवढंच ते रंग सांगतात. मी प्रोब उलटा धरला की तीच नळी लाल-निळी पालटते. ख्रिश्चन डॉपलरने १८४२ साली प्रागमध्ये हा सिद्धांत मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल. त्या माणसाला पोटऱ्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मांडीतल्या मुख्य खोल नीलेला जुन्या रिपोर्टांत 'सुपरफिशियल फिमोरल व्हेन' म्हणत. सुपरफिशियल म्हणजे वरवरची, असं वाचून 'वरच्या शिरेत गुठळी आहे, काळजी नको' म्हणून पेशंटला घरी पाठवल्याचे प्रकार घडलेत. ती नीला खोलच आहे आणि तिच्यातली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. आता नुसतं 'फिमोरल व्हेन' लिहायचं असं ठरलंय, पण जुनं नाव अजून भेटतं. रिपोर्टात ते आणि 'थ्रॉम्बस' (म्हणजे गुठळी) हा शब्द एकाच ओळीत दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दुसरा भाग उभं करून. झडपा तपासायच्या तर गुरुत्वाकर्षण लागतंच. पेशंट दुसऱ्या पायावर भार देऊन उभा राहतो, आम्ही पोटरी दाबून सोडतो आणि सोडल्यावर रक्त किती वेळ उलटं घसरतं ते मोजतो. वरवरच्या नीलेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त, आणि मांडीतल्या किंवा गुडघ्यामागच्या खोल नीलेत एक सेकंदापेक्षा जास्त घसरलं, तर झडप निकामी धरतात. हा भाग झोपवूनच उरकला आणि 'झडपा उत्तम' असं लिहिलं, तर त्या ओळीला मी फार किंमत देत नाही. मात्र शुगरच्या पेशंटची एक अडचण असते. जुन्या शुगरने शरीर आपोआप चालवणारे मज्जातंतूही दुखावतात, उभं राहिल्याबरोबर रक्तदाब घसरतो आणि माणूस कोसळतो. माझ्या खोलीत असे दोघे जण पडता पडता वाचलेत. वडिलांना उठताना अंधारी येत असेल तर सुरुवातीलाच सांगा. मग टेबल पायाकडे उतरतं करून किंवा पाय खाली सोडून बसवून तपासता येतं. जखमेजवळ दाबू नका, हेही सांगा. आम्ही जखमेवर पारदर्शक आवरण घालतो आणि वर-खाली जागा शोधतो.

आता रोहिणीकडे. निरोगी रोहिणीचा डॉपलर ऐकायला चाबकासारखा असतो, ठोक्याला पुढे झेप, क्षणभर मागे, पुन्हा किंचित पुढे. वरच्या बाजूला कुठे अडथळा असेल तर घोट्यापर्यंत येताना त्याची नुसती मंद, गोल, एकसुरी लाट उरते. हे घोट्याशी दोन ठिकाणी बघितलं की वरच्या सगळ्या नळीचा अंदाज येतो. सोबत बरेच जण पट्टा बांधून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात आणि त्यांचा भागाकार करतात, त्याला एबीआय म्हणतात. साधारण ०.९ च्या खाली आला तर रोहिणी अरुंद. पाय बांधण्याबाबत चालत आलेला हिशेब असा: ०.८ किंवा वर असेल तर पूर्ण घट्ट बांधायला हरकत नाही, ०.५ च्या खाली अजिबात नाही, मधल्यांना सैलसर, तेही व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनच्या नजरेखाली.

पण शुगरच्या माणसात हा आकडा फसवतो. गुडघ्याखालच्या रोहिणीच्या भिंतीत चुना साचतो आणि ती नळी वाळक्या बांबूसारखी कडक होते. पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाही, मग यंत्र घोट्याला भला मोठा रक्तदाब दाखवतं आणि एबीआय १.४ च्या पुढे जातो. किंवा त्याहून वाईट, बिघडलेला पाय १.० दाखवून सगळं आलबेल असल्याचं सोंग करतो. त्यामुळे वडिलांच्या रिपोर्टात एबीआय 'नॉर्मल' असला तरी लाटेचा आकार कसा आहे ते विचारा, आणि शक्य असेल तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या. अंगठ्याच्या बारीक रोहिण्यांत चुना कमी साचतो, म्हणून तो आकडा जास्त खरा. दाब ३० मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या) खाली असेल तर जखम भरण्याची आशा फार थोडी आणि पाय बांधायचा विषयच संपला. ६० च्या वर असेल तर रक्तपुरवठ्याच्या बाजूने निश्चिंत राहता येतं. ही सोय लहान गावात सहसा नसते. तिथे लाटेचा आकार हाच आधार.

तुमच्या वडिलांची जखम आतल्या घोट्याजवळ आहे, हे एका अर्थी बरं लक्षण. नीलेची जखम तिथेच होते. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, घट्ट्याच्या मधोमध असती तर ती बधिर पायाची जखम, आणि बोटांच्या टोकाला किंवा दोन बोटांच्या मध्ये असती तर रोहिणीची शंका आधी घेतली असती. हे नियम दगडावरची रेघ नाहीत, पण खोलीत पेशंट शिरताना मी जखमेची जागा आधी बघतो, चिठ्ठी नंतर वाचतो.

सूज नीलेमुळेच आहे का, हेही तपासायला हवं. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर डॉपलरमध्ये बहुधा काहीच सापडत नाही. हृदय, मूत्रपिंडातून जाणारं प्रथिन, नाहीतर औषधं. पायोग्लिटाझोन या शुगरच्या गोळीने पाय सुजतात, बीपीच्या अम्लोडिपिनने सुजतात, आग होणाऱ्या पायांसाठी देतात त्या प्रीगॅबॅलिनने सुजतात. या तिन्ही एकाच फाइलमध्ये असलेले पेशंट माझ्याकडे 'शिरा तपासा' म्हणून येतात. गोळ्या स्वतः बंद करू नका, पण यादी डॉक्टरांसमोर ठेवा.

एकच पाय सुजला असेल तर गुठळी नाकारावी लागतेच. त्यासोबत एक गोष्ट मी कधी विसरत नाही. पाऊल सुजलेलं, लाल, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम, आणि दुखणं मात्र नावाला: ही शार्को फूटची सुरुवात असू शकते. बधिर पावलातली हाडं आतल्या आत मोडायला लागतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. डॉपलर स्वच्छ येतो, 'गुठळी नाही' ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत पावलाची कमान खाली बसून तळवा होडीच्या बुडासारखा होतो. सुरुवातीचा एक्स-रेही साधा दिसू शकतो, एमआरआयमध्ये लवकर कळतं. तोवर पायावर भार देणं बंद. मांडीत अचानक कडक, दुखरी सूज आली आणि नीला मोकळ्या दिसल्या, तर स्नायूचाच एक भाग रक्ताअभावी मेल्याचीही शक्यता असते. जुनी शुगर आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांत हे होतं, क्वचित, पण होतं.

आणखी एक फसवणूक. काही पेशंटच्या पावलावरच्या नीला टरारून फुगलेल्या असतात, पाय झोपून वर केला तरी उतरत नाहीत, पाऊल ऊबदार, नाडी ठणठणीत. घरचे म्हणतात, रक्त तर भरपूर आहे! शुगरने बारीक मज्जातंतू गेले की रोहिणीतून नीलेत जाणाऱ्या आडवाटा उघड्याच राहतात. रक्त कातडीला न भेटता बाहेरच्या बाहेर परततं. अशा पायाच्या फुगलेल्या नीलांना व्हेरिकोज समजून इंजेक्शन द्यायला निघालेले लोक मी पाहिलेत. झडपा तपासल्या की खरं-खोटं लगेच कळतं, कारण त्या शाबूत असतात.

आता शेजाऱ्यांचा सीटी. नीलेच्या झडपा कशा चालतात हे सीटीत दिसतच नाही. सीटी हा थांबलेला फोटो आहे आणि झडपेचा दोष हालचालीत असतो. रोहिणीसाठी सीटी अँजिओ उत्तम, पण शुगरमधल्या गुडघ्याखालच्या रोहिणीत तोच चुना पांढराफटक चमकतो आणि आतली वाट किती मोकळी आहे ते झाकून टाकतो. शिवाय शिरेतून डाई (रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून सोडायचं द्रव्य) द्यावी लागते. त्याआधी क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारे आकडे, हवेतच. १६ वर्षांच्या शुगरमध्ये मूत्रपिंड थोडंफार दमलेलं असतंच असं धरून चालायचं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल आणि ईजीएफआर ३० च्या खाली असेल, किंवा मूत्रपिंडाला नुकताच फटका बसला असेल, तर डाईच्या वेळी ती गोळी थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन बघून पुन्हा सुरू करतात. ईजीएफआर त्याहून बरा असेल तर शिरेतल्या डाईसाठी मेटफॉर्मिन थांबवण्याची गरज सांगितलेली नाही, तरी बरीच केंद्रं सावधगिरी म्हणून थांबवायला सांगतात. तिथे वाद घालत बसू नका. साध्या डॉपलरला यातलं काहीच लागत नाही: सुई नाही, डाई नाही, किरण नाहीत.

सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफीची, म्हणजे सीटी किंवा एमआरआयने काढलेल्या नीलेच्या चित्राची, खरी गरज कधी? जांघेच्या वर, ओटीपोटात अडथळ्याची शंका आली तर. जांघेतल्या नीलेत श्वासाबरोबर प्रवाह कमी-जास्त व्हायला हवा. तो सपाट, एकसारखा वाहत असेल तर वर काहीतरी दाबतंय. डाव्या पायात हे जास्त दिसतं, कारण डावी नीला उजव्या रोहिणीच्या खालून जाते आणि मणक्यावर दाबली जाते. मे आणि थर्नर यांनी १९५७ साली वर्णन केलेला हा प्रकार. तुमच्या वडिलांचाही डावाच पाय आहे, म्हणून मी असतो तर जांघेतल्या श्वासाच्या लाटेकडे जरा जास्त वेळ बघितलं असतं. ती चांगली असेल आणि सूज घोट्यापुरतीच असेल, तर सीटीचे पैसे सध्या वाचवा.

समजा डॉपलरमध्ये सॅफेनस नीलेची (घोट्यापासून जांघेपर्यंत आतल्या बाजूने जाणाऱ्या वरवरच्या लांब नीलेची) झडप निकामी निघाली आणि रोहिण्या मोकळ्या आहेत. मग पाय बांधायचाच, आणि नीला लेझरने किंवा तशा उपायाने बंद करण्याचं बोलणं लवकर सुरू होईल. त्याला आधार आहे. इंग्लंडमधल्या ४५० रुग्णांच्या इव्हरा चाचणीत (२०१८) नीला लवकर बंद केलेल्यांची जखम मध्यमानाने ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांची ८२ दिवसांत. पण त्या चाचणीत एबीआय ०.८ च्या खालचे रुग्ण घेतलेच नव्हते. पहिल्या परिच्छेदातले मोजे पिशवीत ठेवायला लावले ते याच कारणाने.

आणि इथे माझं एक मत आहे, ते सगळ्यांना पटतं असं नाही. शुगरच्या माणसाची सॅफेनस नीला म्हणजे बँकेतली ठेव आहे. पुढे हृदयाची बायपास लागली तर हीच नीला काढून जोडतात. पायाची रोहिणी बंद पडली तर तिलाच वळवून नवी वाट करतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय चाचणीत रक्तपुरवठा तुटत चाललेल्या पायांत, ज्यांची सॅफेनस नीला चांगली होती, त्यांना फुग्याच्या उपचारापेक्षा (आतून फुगा फुगवून रोहिणी मोकळी करण्यापेक्षा) नीलेची बायपास जास्त लाभली. पाय गमावणं, मोठी शस्त्रक्रिया पुन्हा लागणं किंवा मृत्यू हे बायपासच्या गटात ४२.६ टक्के, दुसऱ्या गटात ५७.४ टक्के. पुढच्याच वर्षी मुख्यतः ब्रिटनमधल्या बेसिल-२ चाचणीचा कौल उलटा गेला, तिथे गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा बरा ठरला. वाद चालू आहे. पण चांगली नीला हाताशी असणं कुठल्याही बाजूने तोट्याचं नाही. त्यामुळे झडप निकामी असलेली, जागोजागी फुगून वेडीवाकडी झालेली नीला बंद केली तर मी हळहळत नाही, ती बायपासलाही उपयोगी नव्हती. मात्र रिपोर्टमध्ये सरळ, तीन-चार मिलिमीटरची, जेमतेम झिरपणारी नीला असेल, रोहिणीत आधीच चुना असेल, आणि 'लगे हाथ दोन्ही पायांचं लेझर करून टाकू' असा प्रस्ताव आला, तर सही करण्याआधी व्हॅस्क्युलर सर्जनला एकच प्रश्न विचारा: ही नीला पुढे लागली तर? सोनोग्राफी करणाऱ्यांनाही सांगा की नीलेचा व्यास मांडीत आणि पोटरीत, जागोजागी मोजून लिहा. उभं करून मोजला तर खरा येतो.

केंद्रावर जाताना जुने रिपोर्ट, औषधांची यादी आणि असेल तर अलीकडचा क्रिएटिनिन घ्या. घरी मशीन आणून करतील का, असं बरेच जण विचारतात. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणी झालेल्या जागेबाहेर असं नेता येत नाही. त्यामुळे वडिलांना न्यावंच लागेल, आणि गाडीत पाय लोंबकळत ठेवण्यापेक्षा सीटवर आडवा ठेवा. तोवर सूज उतरावी म्हणून कोमट म्हणता म्हणता गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं बंद. बधिर पायाला चटका कळत नाही, असे भाजलेले तळवे मी दर हिवाळ्यात बघतो. जखमेवर हळद, तंबाखूची राख, काहीही नको.

रिपोर्ट हातात आल्यावर 'गुठळी नाही' या ओळीवर थांबू नका. उभं करून झडपा तपासल्या का, उलटा प्रवाह किती सेकंद, नीला किती मिलिमीटर, घोट्याशी रोहिणीची लाट कशी, आणि कुठला भाग नीट दिसला नाही, ही पाच उत्तरं त्यात सापडली पाहिजेत. यातलं एखादं नसेल तर तिथेच, डॉक्टर खोलीत असतानाच विचारा, दोन मिनिटांत पुन्हा बघून लिहून देतात. वाट बघत असताना पावलाचा रंग अचानक पांढरा किंवा काळसर झाला, बोटं गार पडली, जखमेतून दुर्गंधी आली, किंवा वडिलांना अचानक दम लागून छातीत दुखलं, तर डॉपलरची अपॉइंटमेंट विसरा आणि सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

बाकी मोजे. रोहिणी चांगल्या निघाल्या तर ते बाहेर काढा, पण आधी डॉक्टरांकडून दाबाचा वर्ग आणि घोट्या-पोटरीचं माप तपासून घ्या. मेडिकलवाल्याने बहुधा अंदाजाने दिलेत. पहिले काही दिवस दोनदोन तासांनी मोजा उतरवून बोटांचा रंग तुम्ही स्वतः बघा. वडिलांना 'दुखतंय का' विचारून भागणार नाही.